गॅस संपत नाही, तो गळतो

मोटारीतील एसी आणि हिटर यांचे भाग बदलण्याविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेली बरीचशी पत्रे किनारपट्टीवरची आहेत, याचे नवल वाटत नाही. खारा वारा, चार महिने मुक्काम ठोकणारा पाऊस आणि गावाबाहेर पडताच सुरू होणारे घाट हे तिन्ही ज्या गाडीच्या वाट्याला येतात, तिच्या एसीचे आयुष्य देशावरच्या गाडीपेक्षा वेगळेच असते. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझी छोटी गाडी आठ वर्षांची आहे आणि घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. सलग तीन वर्षे मार्च महिन्यात एसीचा गॅस भरून घेतो आणि जून उजाडेपर्यंत गारवा नाहीसा होतो. एक मेकॅनिक म्हणतो कूलिंग कॉइल बदला, दुसरा म्हणतो कंडेन्सर बदला. दोन्ही बदलावेत काय? — एक वाचक, मालवण

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांच्या वर्तुळात फिरत राहतो, कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून सुटताच त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनमधील हवेची उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. हे वर्तुळ धड असेल, तर वर्षानुवर्षे गॅस भरावा लागत नाही. तीन वर्षांत तीनदा गॅस भरून देणाऱ्याने आपल्याला गारवा विकला, दुरुस्ती मात्र केली नाही, असे स्पष्टच म्हणावे लागते.

कॉइल की कंडेन्सर, हा वाद तर्काने सोडवण्याचा नसून तपासून सोडवण्याचा आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा ओशट डाग उमटतो आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सर गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असल्यामुळे बॅटरीच्या उजेडात हे डाग दिसू शकतात. समुद्राकाठच्या गाड्यांत त्याच्या अॅल्युमिनियमच्या जाळीवर पांढरी भुकटी धरलेली आढळते. मिठातील क्लोराइडमुळे अॅल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्यांतलाच एखादा आरपार जातो. कूलिंग कॉइल मात्र डोळ्यांआड असते. तिच्यासाठी गॅस हुंगणारे उपकरण ब्लोअरच्या बाजूने आत सरकवून पाहावे लागते, किंवा गॅसमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून काही दिवसांनी गाडीखाली टपकणाऱ्या पाण्याच्या नळीचे तोंड तपासावे लागते. सर्वांत भरवशाची रीत म्हणजे उरलेला गॅस यंत्राने काढून घेऊन नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरणे, सांध्यांवर साबणाचे पाणी लावणे आणि रात्रभर दाब उतरतो का ते पाहणे. हवा भरण्याच्या पंपाने ही चाचणी करू देऊ नये, कारण त्या हवेबरोबर आपल्याकडची दमट वाफही आत जाते.

दोषी भाग एकच सापडला, तर एकच बदलावा. परंतु वर्तुळ एकदा उघडले की ड्रायर आणि उघडलेल्या सर्व सांध्यांच्या ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, बदलणे हे त्या कामाचेच अंग समजावे, ऐच्छिक खर्च समजू नये. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. पावसाळ्यात कोकणातील हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि अशा हवेत तासभर उघडा राहिलेला ड्रायर पुढे फारसा उपयोगाचा उरत नाही. म्हणूनच नव्या ड्रायरची बुचे बसवण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी काढावीत.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतील हवा पंपाने ओढून काढणे. या पायरीवर आपल्याकडे सर्वाधिक घाई होते. नळ्यांत शिरलेली ओल पुसून काढता येत नाही, ती उकळवूनच काढावी लागते. आणि ३० अंश तापमानाला पाणी उकळण्यासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत खाली आणावा लागतो, एरवी तो ७६० मिलिमीटर असतो. चांगल्या पंपानेही हे काम पाच मिनिटांत होत नाही. किमान अर्धा तास, पावसाळ्यात त्याहून अधिक वेळ पंप चालू ठेवावा, ही अपेक्षा रास्त आहे. ओल आत राहिली तर ती व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठते, शिवाय गॅस आणि तेलाशी तिचा संयोग होऊन आम्ल तयार होते आणि नवी कॉइल आतून पोखरली जाते. व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असेही मानू नये. व्हॅक्यूममध्ये आतबाहेरच्या दाबातला फरक जेमतेम एका वातावरणाएवढा असतो, तर एसी चालू असताना कंडेन्सरमध्ये १५ बारच्या आसपास दाब असतो (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण). नायट्रोजनचा आग्रह धरायचा तो यासाठी.

शेवटी गॅस वजन करून भरावा. बॉनेटच्या आतल्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये आकडा दिलेला असतो. छोट्या गाड्यांत तो साधारणपणे ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असतो. नुसत्या दाबमापक गेजच्या काट्यावर भरलेला गॅस कमी झाला की जास्त, हे काटा नेमके सांगत नाही, आणि एवढ्या लहान मापात पन्नास ग्रॅमची चूकही गारव्यात जाणवते. नवा कंडेन्सर बसल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याची हलकी धार त्यावर सोडावी. धुलाई केंद्रावरचा जोराचा फवारा नको, त्याने जाळीची नाजूक पाती आडवी होतात.

प्रश्न : माझ्या टॅक्सीचा कॉम्प्रेसर जाम झाला. गॅरेजने दिलेल्या अंदाजपत्रकात कॉम्प्रेसरसह कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह असे चार भाग आहेत. बिघडला एक आणि बदलायचे चार, ही फसवणूक तर नव्हे? — एक टॅक्सी व्यावसायिक, कणकवली

उत्तर : नेहमीच नव्हे. कॉम्प्रेसर आतून घासून जाम होतो, तेव्हा त्याच्या पिस्टनांचा बारीक चुरा गॅसबरोबर पुढे जातो आणि पहिल्यांदा कंडेन्सरमध्ये अडकतो. हल्लीच्या कंडेन्सरमधील नलिका इतक्या अरुंद आणि एकमेकींना समांतर असतात की आत सोडलेला धुण्याचा द्रव मोकळ्या नलिकांतून निघून जातो आणि चोंदलेल्या तशाच राहतात. असा कंडेन्सर ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोच चुरा फिरून परत येतो आणि काही महिन्यांत आपण पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभे राहता. लांब नळ्या मात्र धुऊन वापरता येतात.

तरीही अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. काढलेल्या कॉम्प्रेसरमधील तेल पांढऱ्या कागदावर ओतायला सांगावे. ते काळे असेल आणि त्यात चंदेरी कण चमकत असतील, तर चारही भागांची यादी योग्य आहे. तेल स्वच्छ असेल, तर दोष कदाचित कॉम्प्रेसरच्या क्लचमध्ये, म्हणजे त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागात असेल. क्लचची तार जळली, त्याचे बेअरिंग आवाज करू लागले किंवा त्याच्या चकतीतील फट वाढली, तरी कॉम्प्रेसर चालत नाही आणि ‘जाम झाला’ असे सांगितले जाते. बऱ्याच गाड्यांत हा क्लच गॅसचे वर्तुळ न उघडता बदलता येतो. इंजिन बंद असताना पुलीच्या पुढची चकती हाताने फिरवून पाहावी, ती फिरली तर आतला कॉम्प्रेसर जाम झालेला नाही. काही नव्या कॉम्प्रेसरना असा क्लच नसतो, तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.

कॉम्प्रेसर का गेला, हे विचारल्याशिवाय नवा बसवू नये. मालवणच्या वाचकांसारखी अर्धवट गळती अंगावर काढली, की फिरणाऱ्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरकडे परतणारे तेलही कमी होते आणि तो कोरडा घासू लागतो. म्हणजे आज चार भागांचा खर्च दिसतो, त्याची सुरुवात पुष्कळदा दुर्लक्षित ओ-रिंगेपासून झालेली असते. तेलाचा प्रकार आणि माप कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावे. भंगारातून आणलेला कॉम्प्रेसर स्वस्त पडतो हे खरे, पण त्याची तोंडे उघडी ठेवून तो पावसाळाभर रॅकवर पडलेला असेल, तर त्यातील तेलाने हवेतली ओल पिऊन ठेवलेली असते. मी स्वतः असा कॉम्प्रेसर बसवणार नाही.

प्रश्न : दाभोळहून धोपाव्याला जाण्यासाठी फेरीबोटीच्या रांगेत गाडी उभी केली की एसीतून कोमट हवा येऊ लागते. बोटीतून उतरून रस्त्याला लागल्यावर पुन्हा गारवा सुरू होतो. गॅस कमी झाला आहे का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : बहुधा नाही. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सरला थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते. एसी चालू करून बॉनेट उघडावे आणि पंखा फिरतो का ते पाहावे. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, जोडणीतील हिरवट गंज आणि शेवटी पंख्याची मोटर, या क्रमाने तपासावे. खाऱ्या हवेत जोडणीच गंजण्याची शक्यता अधिक असते आणि ती स्वच्छ करायला पैसेही फारसे पडत नाहीत. पंखा ठीक असेल, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेला पालापाचोळा काढावा. एसी नसतानाही इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढत असेल, तर मात्र रांगेत इंजिन चालू ठेवण्याचा धोका पत्करू नये.

प्रश्न : गाडीत गोडसर वास येत होता आणि शेजारच्या आसनाखालचा गालिचा ओला होत होता. हिटरची कॉइल फुटली असे निदान झाले. गॅरेजवाल्यांनी हिटरच्या दोन नळ्या परस्परांना जोडून दिल्या आणि ‘कोकणात हिटर हवा कशाला’ असे सांगितले. आता पावसात कुंभार्ली घाट चढताना समोरची काच इतकी धुरकटते की गाडी बाजूला घ्यावी लागते. काय करावे? — एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : निदान बरोबर होते, सल्ला चुकीचा. गालिचा ओला होण्याची दोन कारणे असू शकतात. कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली, तर साधे, वासरहित पाणी आत सांडते आणि नळी साफ केल्यावर प्रश्न मिटतो. बोटांना चिकट लागणारे, रंगीत आणि गोडसर वासाचे पाणी असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट असते. इंजिनात तापलेले हे कूलंट हिटर कॉइलमधून फिरून हवा गरम करते, आणि कॉइल फुटली की तिथून सांडते. हे कूलंट विषारी असते. कुत्रीमांजरी ते चाटतात, म्हणून सांडलेले कूलंट अंगणात तसेच सोडू नये.

कोकणात थंडीसाठी हिटर क्वचितच लागतो, हे मान्य. पण पावसाळ्यात तो काच स्वच्छ ठेवण्यासाठी लागतो. ओले कपडे, ओल्या छत्र्या आणि चार माणसांचा श्वास यांनी केबिनमधील हवा वाफेने भरते आणि गार काचेवर ती वाफ धरते. यावर खरा उपाय एसी आणि हिटर एकाच वेळी चालवण्याचा आहे. कूलिंग कॉइल हवेतील ओल काढून घेते, पुढे हिटर कॉइल तीच कोरडी हवा गरम करते, आणि अशी हवा काचेवर सोडली की काही क्षणांत काच मोकळी होते. बाहेरची हवा आत घेण्याची कळ त्या वेळी उघडी असावी. आपल्या गाडीतील या व्यवस्थेचा अर्धा भागच काढून टाकला गेला आहे. दुरुस्ती होईपर्यंत निव्वळ एसीची हवा वापरावी. मात्र तिने काच फार गार झाली, की बाहेरच्या बाजूने वाफ धरते. ती वायपरने जाते, आतून कितीही पुसले तरी जात नाही. घाटात नेमका हाच घोटाळा होतो.

नळ्या परस्परांना जोडणे हा घरी पोहोचेपर्यंतचा तात्पुरता उपाय आहे. नळ्यांना नुसती बुचे मारली असती तर ते अधिक वाईट ठरले असते, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बंद असताना कूलंट याच वाटेने फिरत असते. कायमचा उपाय म्हणजे नवी हिटर कॉइल. तिच्यासाठी बहुतेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे भागाच्या किमतीपेक्षा मजुरी जड जाते आणि गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये अडकते. एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरीची तार काढून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच डॅशबोर्डला हात लावला पाहिजे. एवढी उलथापालथ होणारच असेल आणि कूलिंग कॉइलही मूळची, दहा वर्षांची असेल, तर तीही त्याच वेळी बदलावी, असे माझे मत आहे. दोन्ही कॉइल एकाच पेटीत शेजारी बसतात आणि पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा देणे शहाणपणाचे नाही.

आता मुळाकडे. हिटर कॉइल सडण्यामागे बऱ्याचदा रेडिएटरमध्ये ओतलेले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असते. खाडीलगतच्या विहिरींना मचूळ पाणी लागते आणि त्यातील क्षार कॉइलच्या पातळ नळ्या आतून खातात. नवी कॉइल बसवण्यापूर्वी संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी आणि तयार कूलंट, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुस्तिकेने सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेले कूलंटच भरावे.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे आंबोलीमार्गे बेळगावला जाताना हिटर लावला, तरी हवा गरम होत नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटाही खालीच राहतो. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : काट्यानेच उत्तर दिले आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा, त्यामुळे कूलंट सतत रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते. तो बदलण्याचे काम छोटे आहे, पण इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज झाकण उघडू नये, आणि नंतर यंत्रणेतील हवा काढायला विसरू नये. अडकलेली हवाही हिटर गार ठेवते.

प्रश्न : एसीचा पंखा पहिल्या तीन वेगांवर चालत नाही, चौथ्यावर मात्र जोरात चालतो. ब्लोअर मोटर बदलावी का? — एक वाचक, लांजा

उत्तर : मोटर चौथ्या वेगावर चालते, म्हणजे ती जिवंत आहे. जळाला आहे तो पंख्याचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर, आणि तो मोटरीच्या तुलनेत फारच स्वस्त मिळतो. तो का जळला, हे मात्र पाहावे. कोरडे पडलेले बेअरिंग अडखळत असेल, तर मोटर जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि रेझिस्टर तापतो. केबिन फिल्टर चोंदला असेल, तर रेझिस्टरला थंड ठेवणारा वाराच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आंब्याच्या किंवा काजूच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल, तर काचेखालच्या जाळीतून आत गेलेला पाला फिल्टरवर साचतो आणि कधीकधी त्यात उंदराचे घरही निघते. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा उतरवला की फिल्टर हाताशी येतो. तो पाहण्यासाठी गॅरेज गाठण्याची गरज नाही.

प्रश्न : एक जुनी गाडी स्वस्तात मिळत आहे. ती २०२१च्या पुरात चिपळुणात होती, असे कानावर आले. मालक म्हणतात, इंजिन पूर्ण दुरुस्त केले आहे. एसीच्या बाबतीत काय पाहावे? — एक वाचक, खेड

उत्तर : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. अशा गाड्यांचे इंजिन खोलले जाते, आसने नवी होतात, परंतु डॅशबोर्डच्या आतली एसीची पेटी पुष्कळदा उघडलीच जात नाही. केबिन फिल्टर काढून त्या जागेतून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. ब्लोअरच्या पंख्यात आणि कॉइलच्या पात्यांत तांबूस गाळाचा वाळलेला थर दिसला, तर गाडी कुठपर्यंत बुडाली होती हे वेगळे विचारायला नको. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. गुंडाळीच्या आतल्या टोकावर पुराची रेघ टिकून असते. एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे कुबट वास येणे, हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा अडकणे आणि पंखा मधूनच थांबणे ही पुढची लक्षणे. अशा गाडीत कॉइल, ब्लोअर, झडपांच्या छोट्या मोटरी आणि त्यांचे वायरिंग यांचा खर्च धरूनच भाव करावा, आणि मालक त्याला तयार नसतील तर दुसरी गाडी पाहावी.

प्रश्न : सध्याचा गॅस बंद होणार आहे, त्यामुळे एसीचे सगळे भाग बदलून घ्यावे लागतील, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का? — एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. आपल्या गाडीत बहुधा आर-१३४ए हा गॅस असेल. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल करारानंतर जुना आर-१२ हटला आणि त्याच्या जागी हा आला. तो ओझोनला अपाय करत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे, म्हणून २०१६च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. भारताने ती २०२१मध्ये स्वीकारली. आपल्याकडे वापर २०२८मध्ये गोठवला जाईल आणि कपात २०३२पासून सुरू होईल. या वेळापत्रकात चालू स्थितीतील एसी उपटून काढण्याची कोणतीही सक्ती नाही. आर-१२३४वायएफ हा नवा गॅस जुन्या यंत्रणेत परस्पर भरण्यासाठी नाही, त्याची भरण्याची तोंडेही वेगळ्या मापाची असतात.

याच संदर्भात एक इशारा द्यावासा वाटतो. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही मिश्रण भरून देणारे काही जण आढळतात. त्याने गारवा येतो, हे खरे. पण आपली कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, म्हणजे केबिनमध्ये असते, आणि खाऱ्या हवेत ती कधी गळू लागेल याचा नेम नसतो. गॅस भरायला देताना बॉनेटखालच्या चिठ्ठीवरील नाव आणि समोरच्या बाटलीवरील नाव एकच आहे ना, हे स्वतः वाचून घ्यावे.